सिस्टर्सच्या आश्रमाला मदत करायची आहे? आधी त्यांच्या प्रार्थनेच्या वेळा विचारा

घोडबंदर रोडवरच्या एका महिला मंडळाच्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: मंडळात २२ जणी आहेत. नवी मुंबईत कॅथलिक सिस्टर्सनी चालवलेला निराधार आजींचा आश्रम आहे. तिथे साधारण ४० आजी असून त्यांतल्या १४ अंथरुणाला खिळलेल्या आहेत. मंडळ एका वाढदिवसाला पावभाजी आणि केक घेऊन दुपारी एक वाजता पोचलं. सिस्टरनी गोड बोलून केक ठेवून घेतला, पावभाजी परत दिली आणि सांगितलं, "मंगळवारी सकाळी साडेनऊला या, काही आणू नका." मंडळाला थोडं वाईट वाटलं. आता ताई विचारतात की नक्की काय द्यावं, किती द्यावं आणि कधी जावं? सिस्टर्स दिवसातून इतक्या वेळा चॅपलमध्ये, म्हणजे आश्रमातल्या प्रार्थनागृहात असतात, मग आजींकडे कोण बघतं? आणि पैसे दिले तर ते जातात कुठे?

अशा आश्रमांमध्ये सेविकांना आणि स्वयंसेवकांना रुग्णसेवा शिकवण्याचं काम मी करते, म्हणून सविस्तर लिहिते.

ताई, तुमच्या प्रश्नातलं चॅपलबद्दलचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. ते नीट समजलं की बाकीच्या प्रश्नांची अर्धी उत्तरं आपोआप मिळतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की सेवा हे खरं काम आणि प्रार्थना म्हणजे त्यातून काढलेला वेळ. सिस्टर्सच्या घरात हिशोब उलटा असतो. दिवस प्रार्थनेच्या वेळांवर बांधलेला असतो आणि काम त्या खांबांच्या मध्ये बसवलेलं असतं. तुमचं मंडळ त्या मधल्या जागेत बसलं तर मदत होते. खांबावर आदळलं तर, मनात कितीही प्रेम असलं तरी, घरात गोंधळ उडतो.

आधी एक गोष्ट मान्य करते की सिस्टर्सचे सगळे संघ, म्हणजे त्या ज्यांत व्रत घेऊन राहतात त्या संस्था, सारखे नसतात. काही मठ पूर्णपणे बंदिस्त असतात. तिथल्या सिस्टर्स बाहेर पडत नाहीत, प्रार्थना हेच त्यांचं काम, आणि भेटायला गेलात तर भेटीच्या खोलीपुरतंच बोलणं होतं. काही संघ मुख्यतः शाळा आणि दवाखाने चालवतात. लिटल सिस्टर्स ऑफ द पूअर हा संघ १८३९ मध्ये फ्रान्समध्ये जान ज्युगां यांच्या हातून सुरू झाला. त्या फक्त गरीब वृद्धांसाठी काम करतात आणि दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या नेहमीच्या तीन व्रतांखेरीज आतिथ्याचं चौथं व्रत घेतात. मदर तेरेसांनी १९५० मध्ये कोलकात्यात स्थापन केलेल्या मिशनरीज ऑफ चॅरिटीचं चौथं व्रत गरिबांतल्या गरिबांची विनामूल्य सेवा करण्याचं आहे. तुमच्या आश्रमातल्या सिस्टर्स कोणत्या संघाच्या आहेत त्यावर पुढचे तपशील थोडे बदलतील. म्हणून पहिल्या भेटीत संघाचं नाव आणि तो कशासाठी स्थापन झाला हे विचाराच. हा प्रश्न सिस्टर्सना आवडतो आणि उत्तरातून घर कसं चालतं ते कळतं.

आता दिवस कसा असतो ते सांगते. वेळा घराघरांत अर्ध्या तासाने मागेपुढे होतात, क्रम मात्र बहुतेक ठिकाणी असाच. पहाटे पावणेपाच-पाचला उठणं, अर्धा ते एक तास मूक ध्यान, मग सगळ्यांनी मिळून स्तोत्रांची प्रातःप्रार्थना. सहा-साडेसहाला मिस्सा, म्हणजे फादरांनी करायची मुख्य उपासना. फादर आश्रमात येतात किंवा सिस्टर्स जवळच्या चर्चला जातात. साडेसातपासून आजींची आंघोळ, चादरी, नाश्ता, औषधं. हा दिवसातला सगळ्यात जड भाग. साधारण साडेबाराच्या आसपास छोटी प्रार्थना आणि सकाळ कशी गेली याचं आत्मपरीक्षण, मग जेवण आणि विश्रांती. पहाटे पाचला उठलेल्या माणसाला ती विश्रांती लागतेच. तीनच्या सुमारास रोझरी (जपमाळेची प्रार्थना) किंवा आध्यात्मिक वाचन, चहा, पुन्हा काम. संध्याकाळी आराधना (चॅपलमध्ये शांत बसून केलेली उपासना) आणि सांजप्रार्थना. रात्री जेवण, थोड्या गप्पा, नऊच्या सुमारास रात्रीची प्रार्थना आणि मग मौन. हे मौन सकाळच्या मिस्सेपर्यंत टिकतं. आजारपण, आग, मृत्यू असल्या कारणाखेरीज ते मोडत नाहीत. रात्री साडेनऊला "उद्या किती माणसांचं जेवण आणू?" असा फोन उचलला का जात नाही, त्याचं कारण हे. निरोप लिहून ठेवा, सकाळी आठनंतर उत्तर येईल.

तुम्ही एक वाजता पोचलात म्हणजे आजींचं जेवण उरकलेलं, खरकटं काढून झालेलं, आणि सिस्टर्स जेमतेम पाठ टेकणार होत्या.

मग प्रार्थनेच्या वेळी आजींकडे कोण बघतं? चांगल्या घरात मजला कधीच रिकामा नसतो. एक सिस्टर किंवा दोन मावशी (पगारी सेविका) ड्यूटीवर असतात आणि घंटी वाजली की चॅपलमधली एखादी उठून येते. याला परंपरेचाच आधार आहे. १६३३ मध्ये संत विन्सेंट द पॉल यांनी लुईज द मारियाक यांच्याबरोबर डॉटर्स ऑफ चॅरिटी हा संघ उभा केला तेव्हा त्यांनी सिस्टर्सना हेच शिकवलं होतं: प्रार्थना अर्धवट टाकून गरिबाकडे धावावं लागलं तर ते देवाला सोडून देवाकडेच जाणं आहे. मुळाशी आहे मत्तयच्या शुभवर्तमानातला २५ वा अध्याय. भुकेल्याला, आजाऱ्याला, परक्याला जे केलं ते मलाच केलं, असं येशू तिथे म्हणतो. ज्या आजीचं लुगडं बदलायचं तिच्यातच तो आहे, असं मानून त्या काम करतात. सोयीचं सुभाषित म्हणून नव्हे, अगदी शब्दशः.

तरीही रोजचा प्रार्थनेचा वेळ त्या सोडत नाहीत. मिशनरीज ऑफ चॅरिटीने तर १९७३ पासून रोज एक तास आराधना ठरवून घेतली. काम वाढत असताना प्रार्थनाही वाढवली. मला यातलं कारण कामाच्या बाजूने दिसतं. अंथरुणाला खिळलेल्या, शिव्या देणाऱ्या, तुम्हाला न ओळखणाऱ्या माणसाची सेवा महिनाभर कुणीही करेल. तीच सेवा तीस-चाळीस वर्षं, पगाराशिवाय, स्वतःचं घर नसताना करायची तर रोज कुठेतरी मन पुन्हा भरून घ्यावं लागतं. पगारी सेविका वर्षा-दोन वर्षांत थकून काम सोडतात, हे मी सतत बघते, आणि त्यांना दोष देता येत नाही. सिस्टर्स टिकतात त्या पहाटेच्या आणि संध्याकाळच्या त्या तासांवर. म्हणून माझं सगळ्यात ठाम म्हणणं हे: तुम्ही असं काम उचला ज्याने सिस्टर्सना प्रार्थनेची वेळ पाळता येईल. वस्तूंचा नंबर त्यानंतर.

याचा व्यवहारातला अर्थ सांगते. २२ जणींनी एकदम जाऊ नका. चौघीचौघींचे पाच गट करा, दोघी राखीव ठेवा. दर मंगळवारी एक गट, साडेनऊ ते साडेअकरा. म्हणजे प्रत्येकीचा नंबर पाच आठवड्यांनी येतो आणि आश्रमाला मात्र दर आठवड्याला चौघींची मदत मिळते. ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकल सगळ्यात भरवशाची. गाडीने येणार असाल तर कळवा-विटावा पट्ट्यातल्या सकाळच्या कोंडीचा अर्धा तास धरून निघा. उशिरा पोचून साडेबारापर्यंत रेंगाळण्यापेक्षा त्या दिवशी न गेलेलं बरं, पण तसं आधी कळवा. सिस्टर्स तुमच्या भरवशावर एखाद्या मावशीला सुट्टी देतात.

पहिल्या दोन महिन्यांत काय करायचं? कपड्यांच्या घड्या, भाजी निवडणं, केसांना तेल, वेणी, नखं, गप्पा. नखांबद्दल एक सूचना. मधुमेह असलेल्या आजींच्या पायाची नखं तुम्ही कापू नका. छोटी जखम चिघळली तर बोट जायची वेळ येते. हाताची चालतील, तीही विचारून. स्वतःच्या अंगठ्या, काचेच्या बांगड्या घरी ठेवा, कारण म्हाताऱ्या माणसाची कातडी कागदासारखी फाटते. सर्दी-खोकला असेल त्या आठवड्यात दुसरीशी वार बदलून घ्या.

तिसऱ्या महिन्यापासून सिस्टर भरवायला सांगू शकतात. हे काम सोपं वाटतं आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून नीट सांगते. आजी आडव्या असताना घास देऊ नका. पाठ सरळ, पलंग उचलून किंवा मागे उशा लावून, जमेल तितकं ताठ बसवा. हनुवटी किंचित खाली हवी. मान मागे गेली की घास श्वासनलिकेत जातो. तुम्ही उभं राहून भरवलंत तर आजींना वर बघावं लागतं, म्हणून समोर स्टूल घेऊन बसा. चहाचा चमचा अर्धाच भरा. घास दिल्यावर गळ्याकडे बघा, कंठ वर जाऊन खाली आला म्हणजे गिळलं. त्याशिवाय दुसरा घास नाही. पक्षाघात झालेल्या आजींना चांगल्या बाजूने घास द्या आणि शेवटी लुळ्या बाजूच्या गालात अन्न साठलंय का ते बघा. पाणी पाजताना ठसका लागत असेल तर थांबा आणि सिस्टरना सांगा. अशा आजींना पातळ पाण्यापेक्षा दाट पेज सोपी जाते. जेवण झाल्यावर निदान अर्धा तास बसवून ठेवा. एका आजीला वीस ते तीस मिनिटं लागतात. १४ आजींचा हिशोब करा, म्हणजे सिस्टर्सना मध्यान्हीची प्रार्थना का चुकवावी लागते ते लक्षात येईल.

कुशी बदलण्याचं काम मात्र शिकल्याशिवाय करू नका. अंथरुणावरच्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची असते, नाहीतर माकडहाडावर, टाचांवर आणि खुब्यावर जखमा होतात. ओढत सरकवलं तर कातडी घासून निघते. त्यासाठी अंगाखाली दुमडलेली चादर घालून दोघींनी दोन्हीकडून उचलायचं असतं. शिकायची इच्छा असेल तर सिस्टरना सांगा, त्या आनंदाने दाखवतील. एकटीने कधी नाही. आजींनाही लागतं आणि तुमची कंबरही जाते.

आता वस्तूंकडे येऊ. शिजवलेलं अन्न का परत आलं? ठाण्याहून नवी मुंबईपर्यंत बंद डब्यात, उकाड्यात दोन तास गेलेलं अन्न धोक्याचं असतं. ४० वृद्धांना एकदम जुलाब लागले तर त्या घराची दैना होते. शिवाय दात नसलेल्यांना पाव चिकटतो, मधुमेहींना केक नको, रक्तदाब असलेल्यांना भाजीतलं मीठ नको. सणाला गोड द्यायचंच असेल तर आदल्या आठवड्यात विचारा. संक्रांतीला कडक तिळगुळाऐवजी तिळकूट किंवा मऊ वडी, दिवाळीला चकलीऐवजी मऊ लाडू. तेही थोडेच.

कोरडा शिधा नेहमी चालतो, पण अंदाज घेऊन द्या. तुमच्या आश्रमात ४० आजी, सहा-सात सिस्टर्स आणि सात-आठ मावशी धरल्या तर रोज सुमारे ५५ माणसं जेवतात. वृद्धांचं खाणं कमी असतं. माणशी दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ धरला तर साडेपाच किलो, म्हणजे ५० किलोची एक गोणी नऊ दिवस पुरते. डाळ माणशी ४० ग्रॅम धरली तर महिन्याला ६६ किलो. तेल माणशी २० मिली धरलं तर महिन्याला ३३ लिटर. आता बघा, २२ जणींनी प्रत्येकी किलो-किलोची पुडी आणली तर तीन-चार जातींचे तांदूळ एकत्र येतात. कुणाचा नवा, कुणाचा जुना. एक शिजून पीठ होतो, दुसरा कच्चा राहतो. त्यापेक्षा पैसे एकत्र करून वाशीच्या एपीएमसीतल्या दाणाबंदरातून एकाच जातीची गोणी घ्या आणि कोणता तांदूळ ते स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या सिस्टरना विचारा. मऊ शिजणारा तांदूळ आजींना बरा पडतो, भारी बासमतीचा उपयोग नाही. पावसाळ्यात रवा, मैदा, बेसन साठवायला देऊ नका, आठवड्याभरात जाळी धरते. त्या चार महिन्यांत साबण, कपडे धुण्याची पावडर, फिनेल जास्त लागतं. चादरी वाळत नाहीत म्हणून ओल्याच घड्या होतात आणि आजींच्या अंगाला पुरळ येतं. दुप्पट चादरी आणि मेणकापडं ही जूनची खरी गरज. नवी मुंबईच्या पावसात वाळवणाच्या यंत्रासारखी दुसरी देणगी नाही, पण ते घ्यायच्या आधी वीजजोडणीचा भार आणि देखभाल कोण करणार हे विचारून घ्या.

डायपरचं जरा सविस्तर सांगते, कारण इथे पैसे सगळ्यात जास्त वाया जातात. दुकानात पँटसारखे चढवायचे डायपर समोर मांडलेले असतात, लोक तेच उचलतात. ते चालत्या-फिरत्या माणसासाठी. अंथरुणावरच्या आजीला ते घालायचे म्हणजे दोन्ही पाय उचलून वर ओढायचं, त्यात खुब्याचं हाड मोडू शकतं. यांना बाजूने चिकटपट्टी असलेले हवेत. माप कमरेवरून ठरतं आणि आश्रमात बहुतेक वेळा मध्यम आणि मोठं लागतं, पण नेमकं विचारा. १४ आजींना दिवसरात्र डायपर लावले तर माणशी चार, रोज ५६, महिन्याला १,६८०. घाऊक दर एका डायपरला पंचवीस-तीस रुपये धरला तरी हा खर्च महिन्याला ४२ ते ५० हजारांच्या घरात जातो. म्हणून बरीच घरं दिवसा बेडपॅन आणि सुती कापड वापरतात, डायपर फक्त रात्री. कातडीलाही ते बरं. रात्रीचा एक धरला तर महिन्याला ४२०. तुमच्या मंडळाने प्रत्येकी ५०० काढले तर ११ हजार होतात, त्यात हे जवळजवळ बसतात. एका मंडळाने वर्षभर "रात्रीचे डायपर आमचे" एवढंच नक्की केलं तर सिस्टरच्या वहीतली एक ओळ कायमची सुटते. अशी एक ओळ उचलणं दहा प्रकारच्या वस्तू एकदा देण्यापेक्षा कितीतरी मोलाचं आहे.

जुने कपडे विचारल्याशिवाय नको. स्वेटर, जीन्स, जरीच्या साड्या पडून राहतात. पुढून उघडणारे सुती गाउन, मऊ जुन्या सुती साड्या आणि चांगले टॉवेल मात्र रोज लागतात. औषधं फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे, मुदत संपायला निदान सहा महिने बाकी, आणि अर्धवट वापरलेल्या पट्ट्या अजिबात नाहीत.

पैसे जातात कुठे, हा तुमचा प्रश्न रास्त आहे आणि विचारायला संकोच करू नका. दारिद्र्याच्या व्रतामुळे सिस्टरकडे स्वतःचा असा पैसा नसतो. चर्चच्या कायद्याप्रमाणे सिस्टर काम करून जे मिळवते ते संघाचं होतं. एखादी सिस्टर शाळेत शिकवत असेल तर तिचा पगारही सामायिक खात्यात जातो. म्हणून एखाद्या सिस्टरला आवडीने साडी किंवा पाकीट दिलंत तर ते तिच्याजवळ राहणार नाही, भांडारात जाईल. याचं वाईट वाटून घेऊ नका. घराच्या नावाने द्या आणि घराच्या नावाने पावती घ्या. "कॉन्व्हेंट शाळांची फी एवढी, मग यांना कशाला पैसे?" असं लोक म्हणतात. शाळा आणि आश्रम अनेकदा वेगळ्या संघांचे असतात. एकाच संघाचे असले तरी नोंदणी आणि खाती अनेकदा वेगळी असतात. आश्रमातून फी येत नाही, फक्त खर्च जातो.

धनादेश किंवा बँकेतून द्या. करसवलत हवी असेल तर लक्षात ठेवा की २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती मिळत नाही, वस्तूंना मिळत नाही, आणि नवी करप्रणाली निवडली असेल तर या सवलतीचा फायदा नाही. संस्थेकडे देणगीवरच्या करसवलतीची मान्यता (जी ८०जी म्हणून ओळखली जाते) आहे का आणि वर्षअखेरीला देणगीचं प्रमाणपत्र मिळेल का, हे आधी विचारा. मंडळातल्या कुणाची मुलं परदेशी नागरिक असतील तर त्यांनी परस्पर आश्रमाच्या साध्या खात्यात पैसे पाठवू नयेत. परदेशी नागरिकाची देणगी विदेशी योगदान ठरते आणि ती परवानगी असलेल्या संस्थेलाच, दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरावीक खात्यातच घेता येते. चुकून आलेले दहा हजार आश्रमाला महिनोन्‌महिने त्रास देतात. भारतीय पासपोर्ट असलेल्या मुलांनी नेहमीच्या बँकेतून पाठवलेल्या पैशांना ही अट नाही.

तुम्ही न विचारलेला, पण मंडळात कुजबुजीने येणारा एक प्रश्न: आपण हिंदू, तिथे गेलं तर चालेल का, आणि आजींचा धर्म बदलतात का? चांगल्या घरात आजी दाखल होताना त्यांचा धर्म आणि अंत्यविधी कसा हवा हे नोंदवून ठेवतात आणि त्याप्रमाणेच करतात. हिंदू आजींना अग्नी, मुस्लिम आजींचं दफन. तुम्हाला शंका असेल तर हे सरळ विचारा, सिस्टर्स रागावत नाहीत. तुम्ही हळदीकुंकवाला आजींना वाण देऊ शकता, अभंग म्हणू शकता. पूजा चॅपलमध्ये मांडायची नाही, सभागृहात मांडायची असेल तरी आधी विचारा. मिस्सेला बसायची इच्छा झाली तर मागच्या बाकावर बसा, सगळे उभे राहतील तेव्हा उभ्या राहा. ख्रिस्तप्रसाद (मिस्सेत वाटली जाणारी पवित्र भाकर) मात्र घ्यायचा नसतो, तो कॅथलिकांसाठीच असतो. त्या वेळी जागेवर बसून राहणं अगदी योग्य आहे. फोटोंचा मोह टाळा. आजींच्या संमतीशिवाय नाही, आणि त्याच आवारात मुलांचं घर असेल तर मुलांची ओळख उघड करणारा फोटो टाकणं बाल न्याय कायद्याच्या ७४ व्या कलमाने गुन्हा आहे.

आणखी एक गोष्ट नक्की घडेल. तुम्ही आश्रमात जाता हे कळलं की लोक विचारतील, "आमच्या गल्लीतल्या आजींना तिथे ठेवता येईल का?" शब्द देऊ नका. जागा रिकामी आहे का, क्षयासारखा संसर्ग आहे का, मनोरुग्ण आहेत का, जवळचे नातेवाईक आहेत का, या सगळ्यावर सिस्टर्स ठरवतात. बेवारस असतील तर आधी पोलीस ठाण्याचं पत्र आणि सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात तपासणी लागते. ज्येष्ठांसाठीची मदतवाहिनी १४५६७ आहे, तो नंबर द्या.

वर्षाचा अंदाजही असू द्या. डिसेंबरमध्ये एका दिवसात चार-चार मंडळं केक घेऊन येतात, दिवाळीत फराळाचा ढीग लागतो. एप्रिल ते ऑगस्ट दारात कुणी नसतं. तुमचा जोर तिथे लावा. सुपीरियर, म्हणजे घराची प्रमुख सिस्टर, ठरावीक मुदतीसाठी असते आणि सिस्टर्सच्या बदल्या होतात, त्या बहुधा उन्हाळ्यात. ज्या सिस्टरशी तुमची गट्टी जमली ती एक दिवस दुसऱ्या राज्यात जाईल. म्हणून ठरलेल्या गोष्टी एका वहीत लिहून एक प्रत आश्रमात ठेवा: कोण, कुठला वार, काय देतो. नव्या सुपीरियरला दोन मिनिटांत कळतं आणि मदत तुटत नाही. मंडळाला पुढे जमणार नसेल तर निदान महिनाभर आधी सांगा.

आता माझ्या मते तुम्ही करू शकाल अशी सगळ्यात मोठी मदत. सिस्टर्स महिन्यातून एक दिवस आणि वर्षातून एकदा, साधारण आठ दिवस, पूर्ण मौनात ध्यानसाधनेला बसतात. सगळ्या एकदम जाऊ शकत नाहीत, दोन-तीन गट करून जातात, आणि मागे राहिलेल्यांवर दुप्पट भार पडतो. पुण्य सप्ताहात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यातही तसंच. पवित्र गुरुवार, पुण्य शुक्रवार (गुड फ्रायडे) आणि ईस्टरच्या आदल्या रात्रीची मिस्सा हे त्यांच्या वर्षाचे सगळ्यात मोठे दिवस, आणि नेमकं तेव्हा कुणीतरी मजल्यावर थांबावं लागतं म्हणून तिला चॅपलमध्ये जाता येत नाही. तुमच्यातल्या आठजणी भरवायला आणि कूस बदलायला नीट शिकल्या, आणि त्या दिवसांत दोन पाळ्यांत चौघीचौघी उभ्या राहिल्या, मावशी सोबत असताना, तर एका सिस्टरला तिची वर्षाची प्रार्थना मिळते. पहिल्याच भेटीत ही तयारी दाखवू नका, अनोळखी माणसांवर आजी सोपवणं त्यांना शक्य नसतं. सहा महिने मंगळवार चुकवू नका. मग फेब्रुवारीच्या आसपास, ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू व्हायच्या आधी, सुपीरियरना विचारा की यंदा पुण्य शुक्रवारी दुपारी तीनच्या भक्तीच्या वेळी मजल्यावर कोण असणार आहे.